काडतूस गोठ्यात ठेवू नये

गेल्या नागपंचमीला शिराळ्याच्या पश्चिमेला, चांदोलीच्या अंगाला, आक्काच्या घरी गेलो होतो. पाऊस असा, की ओसरीतून अंगणातलं तुळशीवृंदावन दिसेना. जेवणं झाली, अडकित्ता फिरला आणि भाचा म्हणाला, "मामा, आप्पांची हत्यारं आता माझ्या नावावर झाली. एकदा नजर घालता का?" बारा बोरची दुनळी आणि ३१५ बोरची रायफल. दोन्ही माजघरात, लोखंडी कपाटात, तेलपाणी केलेली. पोरगं कामाचं आहे. मी म्हटलं, "आणि काडतुसं?" तर मला घेऊन गेला गोठ्यात. दोन म्हशी, एक गाय, कोपऱ्यात युरियाच्या चार गोण्या आणि भिंतीला उंच फळीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्याला एवढंसं कुलूप. "घरात पोरं हायत, मामा. बंदूक एकीकडं, काडतुसं एकीकडं."

विचार चांगला होता, जागा वाईट होती. डबा उघडला तेव्हा आत बारा बोरची काही कागदी, काही प्लॅस्टिकची काडतुसं निघाली आणि चामड्याच्या पट्ट्यात खोचलेली रायफलची अकरा पितळी. पितळेवर हिरवा कळंक धरलेला. एकाच्या मानेपाशी केसासारखी बारीक रेघ. भाच्याला वाटलं ओरखडा आहे. मी चष्मा लावून बघितलं, ती चीर होती.

मी २४ वर्षं फौजेत आर्मरर होतो. ईएमईचा, म्हणजे फौजेच्या दुरुस्ती शाखेचा माणूस, पण नोकरीतला बराच काळ मराठा पलटणींना अटॅच. आमचं गाव अपशिंग्यापासून फार लांब नाही. ज्या अपशिंग्याचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले आणि ज्याच्या नावापुढे तेव्हापासून 'मिलिटरी' लागलं, ते हे गाव. आमच्या भागात बंदूक कशी धरायची हे शिकवायला कुणी लागत नाही. उडालेल्या काडतुसाची पुंगळी हातात घेऊन बघणारा मात्र हजारात एक. आमचे उस्ताद म्हणायचे, "गोली दुश्मन के लिए, खोखा तेरे लिए." खोखा म्हणजे फौजेतली पुंगळी. गोळी निघून जाते, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या भागात, काय घडलं ते खोखा सांगतो. मी भाच्याला ओसरीत बसवून जे सांगितलं ते थोडं सावरून इथं लिहितो, कारण सातारा-सांगलीच्या डोंगराकडेच्या गावांत असे डबे अजून पुष्कळ असतील.

आधी पुंगळीचं काम काय ते कळलं पाहिजे. ठासणीच्या बंदुकीला पुंगळीच नसते. नळीचं मागचं तोंड कायमचं बंद, दारू पुढून ठासायची. मागून भरायची बंदूक आली तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला तो मागच्या फटीचा. दारू पेटली की वायू मिळेल त्या फटीतून मागे, तोंडाकडे येणार. ही फट बुजवण्याचं काम पुंगळी करते. स्फोटाच्या क्षणी ती फुगते, चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि बूच होते. गोळी नळीतून बाहेर पडली की दाब उतरतो आणि पुंगळीनं पुन्हा आकसून भिंत सोडायची असते. फुगणं कुठल्याही धातूला जमतं, सोडणं जमायला गुण लागतो.

पितळेत तो गुण आहे. काडतुसाच्या पितळेत शंभरात ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्त. पितळ पोलादाच्या साधारण निम्मं ताठ. म्हणजे तेवढाच ताण बसला तर ते पोलादापेक्षा जास्त ताणलं जातं आणि तेवढंच जास्त परत येतं. चेंबरही स्फोटात किंचित फुगतं आणि परत येतं. त्या मागं येण्यात पुंगळी चेंबरपेक्षा जास्त आत आली तर ती आपोआप सुटते, कमी आली तर चेंबर तिला मिठी मारतं. रायफल अडकण्याच्या अर्ध्याअधिक गोष्टी या एका मिठीच्या आहेत.

पुण्याच्या कसब्यात तांबट आळी आहे. तिथं घागर घडताना पाहिली असेल तर पुढचं लगेच कळेल. पत्रा ठोकत गेलं की तो कडक होत जातो, मग त्याला भट्टीत ताव देऊन मऊ करायचं आणि पुन्हा ठोकायचं. पुंगळीही अशीच एका जाड चकतीतून ओढत ओढत, मधून मधून ताव देत लांब करतात. बूड कडक ठेवतात, कारण तिथं एक्स्ट्रॅक्टरचं, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याचं, नख धरणार. मान मऊ ठेवतात, कारण तिथं गोळी पकडायची आणि फुगायचं. फौजी काडतुसाच्या मानेशी निळसर-तांबूस झाक दिसते ती या शेवटच्या तावाची. नवे जवान ते डाग समजून घासत बसत. घासायचं काही कारण नाही. तो डाग म्हणजे काम नीट झाल्याची खूण.

इथं थोडं वाट सोडून सांगतो. आपल्या मिरजेत तंतुवाद्यं करणारी जी सतारमेकर घराणी आहेत ती मूळची शिकलगार, हत्यारं घडवणारी आणि धार लावणारी. १९व्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेब शिकलगारांनी तलवारी सोडून तंबोऱ्याला हात घातला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मिरजेत बसून तंबोरा जुळवताना पाहा. मधल्या जोडाच्या तारा पोलादी आणि खर्जाची तार पितळी. सगळ्या तारा पोलादी का नाहीत, असं तिथं कुणी विचारत नाही. प्रत्येक धातूचा आपला स्वभाव असतो हे शिकलगारांच्या हाताला आधीपासूनच माहीत होतं.

आता गोठ्याकडे येतो. इंग्रजांच्या घोडदळाला हिंदुस्थानात एक विचित्र रोग दिसला होता. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली पितळी काडतुसं कुणी हात न लावता आपोआप तडकायची. पावसाच्या ऋतूत तडकतात म्हणून त्यांनी नावही ऋतूवरूनच ठेवलं. कारण उमगायला १९२१ साल उजाडलं. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतला ओलावा आणि पुंगळी ओढताना धातूत उरलेला ताण, ही तिन्ही एकत्र आली की पितळ कणाकणाच्या सांध्यांत फाटतं. यातलं एक काढून टाकलं तरी रोग जातो. कारखान्यांनी शेवटच्या मंद तावानं आतला ताण कमी केला. अमोनिया आणि ओलावा दूर ठेवणं आपल्या हातात. आता भाच्याच्या गोठ्यात काय होतं? म्हशींचं मूत, आषाढ-श्रावणाची ओल, वर युरियाच्या गोण्या. युरियाला शेणमातीची आणि पाण्याची संगत लागली की त्यातूनही अमोनियाच सुटतो. शंभर वर्षांपूर्वीचा तबेला जसाच्या तसा उभा.

म्हणून पहिला आणि सगळ्यात मोठा मंत्र: काडतूस गोठ्यात ठेवू नये, खताच्या खोलीत ठेवू नये, कोंबड्यांच्या खुराड्याजवळ तर नाहीच. आणि ज्या पुंगळीच्या मानेवर उभी चीर दिसली ते काडतूस 'एवढं एक उडवून बघू' म्हणून नळीत घालू नये. वायू त्या चिरेतून मागे येतो आणि डोळा तिथंच असतो.

याच्याच पोटातल्या दोन गोष्टी. पितळ उजळायच्या पातळ पॉलिशमध्ये बहुधा अमोनिया असतो. बकल चमकवायला ते ठीक, काडतुसाला लावू नका. दसऱ्याला शस्त्रपूजेत काडतुसं मांडायची म्हणून चिंच-मीठ लावून घासणारा एक शेजारी मला माहीत आहे. आंबट पदार्थानं जस्त खाल्लं जातं आणि पितळेवर गुलाबी डाग उठतात. गुलाबी झालं म्हणजे तिथं नुसतं दुबळं तांबं उरलं. पूजेला हळदकुंकू पुरे. दुसरी गोष्ट चामडी पट्ट्याची. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं पितळेला कळंक आणतात. पट्टा कमरेला शोभतो, पण रानातून आल्यावर काडतुसं काढून कोऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायची. कळंक लागलेली पुंगळी चेंबरमध्ये सरळ जात नाही, आणि गेली तर सरळ येत नाही.

कागदी काडतुसांचं दुखणं वेगळं. १८५७ची ती बदनाम काडतुसं कागदाचीच, पण ती फाडून दारू नळीत ओतायची, म्हणजे तिथंही पुंगळी नव्हतीच. बारा बोरची कागदी पुंगळी मात्र खरी पुंगळी. बुडाला धातूची टोपली, वर मेण पाजलेला कागद. कोरड्या हवेत छान चालते. कोयनेच्या पावसात फुगते. माझ्या लहानपणी आमच्या वडिलांनी माळ्यावर ठेवलेली काडतुसं भाद्रपदात काढली. रानडुकरं भुईमुगात शिरली होती. पहिलं काडतूस अर्धं आत गेलं आणि तिथंच बसलं. पुढेही जाईना, मागेही येईना. घाई म्हणून वडिलांनी विळ्याच्या टोकानं ते उचकटलं. बूड निघालं, कागद नळीत राहिला, छर्रे ओसरीभर. बुडातल्या पेट घेणाऱ्या टोपीला विळा लागला असता तर मी हे लिहायला नसतो. तेव्हा ज्या काडतुसाचं पोट फुगलंय ते नळीत कोंबू नये. रिकाम्या, उघड्या नळीत ते आपल्या वजनानं घरंगळत आत जायला हवं. बोटाचा जोर लागला की बाजूला.

प्लॅस्टिकच्या पुंगळीला पाण्याची भीती नाही. पण तिचं बूड बहुधा पितळेचं नसून पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचं असतं, आणि ते गंजतं. खिशात एक लहान लोहचुंबक ठेवा. मोटारीच्या तुटक्या स्पीकरमधला चालतो. बुडाला चिकटला तर लोखंड. मग ते काडतूस पावसात भिजल्यावर पुसल्याशिवाय ठेवायचं नाही. रायफलच्या काडतुसाला चुंबक लावताना पुंगळीच्या पोटाला लावा, गोळीच्या टोकाला नको. काही गोळ्यांच्या आत पोलाद असतं, काहींचं कवच पोलादी असतं. तिथं चिकटल्यावरून पुंगळी ओळखता येत नाही.

पोलादी पुंगळीशी माझी खरी ओळख काश्मीरमध्ये झाली, १९९०च्या दशकात. तोवर आमचं आयुष्य थ्री-नॉट-थ्री आणि एसएलआर रायफलींच्या पितळेत गेलेलं. खडकीच्या कारखान्याची केएफ, वरणगावची ओएफव्ही, बुडावरची ही अक्षरं मी अंधारात नखानं वाचायचो. खडकीचा कारखाना १८६९चा, वरणगावचा १९६४चा. २०२१ पासून दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहेत. आणि मग एके-४७ आली. पकडलेल्या काडतुसांच्या पेट्या उघडल्या तर आत हिरवट-करड्या, लॅकर दिलेल्या लोखंडी पुंगळ्या. जवान म्हणाले, यानं रायफल खराब होणार. लोखंडावर लोखंड घासणार.

इथं बरेच जण फसतात म्हणून सावकाश सांगतो. पुंगळीचं पोलाद मऊ असतं. चेंबरचं आणि एक्स्ट्रॅक्टरचं पोलाद त्याहून पुष्कळ कठीण. त्यामुळे पुंगळीमुळे चेंबर घासून जातं हे फारसं खरं नाही. एक्स्ट्रॅक्टरचं नख थोडं लवकर झिजतं म्हणतात, पण ते स्वस्तात बदलता येतं. नळी झिजते ती पुंगळीनं नव्हे, गोळीच्या कवचानं. स्वस्त पोलादी काडतुसांत बहुधा गोळीचं कवचही तांब्याचा पातळ मुलामा दिलेल्या पोलादाचं असतं, आणि ते नळीच्या आट्यांवरून जोरानं जातं. २०१३च्या सुमारास अमेरिकेत एकाच जातीच्या चार रायफलींवर प्रयोग झाला. एकीला पितळी, तिघींना पोलादी, प्रत्येकी १० हजार गोळ्यांचा बेत. पितळी पुंगळी आणि तांब्याच्या कवचाची गोळी खाल्लेली नळी शेवटपर्यंत कामाची राहिली. पोलादी कवच खाल्लेल्या नळ्या सहा हजारांच्या आसपास संपल्या. एक्स्ट्रॅक्टर सगळ्यांचे ठीक. शेतकऱ्याच्या रायफलीला सहा हजार गोळ्या सात पिढ्या पुरतील, तेव्हा आपण त्या काळजीत पडायचं नाही.

आपली काळजी काजळीची. पोलाद पितळेइतकं चटकन आणि घट्ट फुगत नाही. त्यामुळे थोडा वायू पुंगळी आणि भिंत यांच्यामधून मागे येतो आणि चेंबरमध्ये काजळीचा थर बसतो. पोलादी पुंगळ्या त्या थरातून ये-जा करत राहतात, कारण त्या कमी फुगतात. मग कुणीतरी त्याच रायफलीत पितळी काडतूस घालतो. पितळ मनापासून फुगतं, काजळीत रुततं आणि अडकून बसतं. बिचाऱ्या पितळेला शिव्या बसतात. पोलादी काडतुसं उडवल्यावर पितळी घालण्याआधी चेंबर ब्रशनं घासून काढायचं. नुसती नळीतून चिंदी ओढून भागत नाही, चेंबर नळीपेक्षा रुंद असतं, चिंदी तिथं भिंतीला लागतच नाही. ही चूक मी शिकलेल्या आर्मररांनाही करताना पाहिली.

लॅकर वितळून चेंबरला चिकटतो, ही आणखी एक कोतमधली, म्हणजे फौजेच्या शस्त्रागारातली अफवा. मी उडालेला खोखा सांडशीत धरून स्टोव्हवर तापवला. लॅकर काळा पडला, पण ओघळला नाही.

मग एके पोलाद खाऊनही चालते कशी? तिच्या पुंगळीचा आकार बघा. बुडाकडून मानेकडे चांगली निमुळती. एकात एक घातलेले निमुळते पेले आठवा, किंचित हलवले की सुटतात. तीच गोष्ट सरळ बाजूच्या डब्यात डबा घातला तर शेवटपर्यंत घासत येतो. ५.५६ मिलिमीटरच्या पुंगळ्या पुष्कळच सरळ, म्हणून त्यांना पोलाद कमी मानवतं. एकट्या धातूवर काही ठरत नाही. पुंगळीचा आकार, चेंबरची सफाई आणि दारूही त्यात येते. व्हिएतनाममध्ये अमेरिकेच्या नव्या एम-१६ रायफली अडकून जवान मेले तेव्हा पुंगळ्या पितळेच्याच होत्या. दारू बदलली होती आणि चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. मुलामा दिल्यावर आणि सफाईची सवय लावल्यावर बरंच सुधारलं. त्याआधी पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या रॉस रायफलीचं हेच झालं. चेंबर इतकं नेमकं, की घाईगर्दीत बनलेली, मापात थोडी इकडेतिकडे असलेली काडतुसं चिखलात अडकायला लागली. १९१६ पर्यंत जवानांनी रॉस टाकून ढिल्या चेंबरची ली-एन्फिल्ड घेतली. त्याहीआधी १८८५मध्ये सुदानमध्ये इंग्रजांच्या मार्टिनी रायफलींत पितळी पत्रा गुंडाळून केलेल्या, लोखंडी बुडाच्या पुंगळ्या वाळूत आणि उन्हात फाटून बसल्या. अखंड ओढलेल्या पितळी पुंगळीला मान मिळाला तो त्यानंतर. आणि आपल्या देशी पलटणींच्या हातात तेव्हा मार्टिनीसुद्धा नव्हती, एक पिढी जुनी स्नायडर होती. कारण १८५७च्या उठावाची भीती गोऱ्या साहेबांच्या डोक्यातून गेलेली नव्हती.

अडकणारी पुंगळी सोडवायला माणसं काय करतात? तेल. काडतुसाला बोटानं तेल फासतात, म्हणजे सुळसुळ निघेल. हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत घातक शहाणपणा. कोरडी पुंगळी फुगून भिंत धरते तेव्हा मागे येणारा बराच जोर ती स्वतः पेलते. तेल लागलं की ती पकड जाते आणि सगळा धक्का बोल्टवर, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या दट्ट्यावर येतो. ली-एन्फिल्ड कारखान्यातून बाहेर पडण्याआधी तिच्यातून जास्त दाबाची दोन काडतुसं उडवायचे, एक कोरडं आणि एक तेलात भिजवलेलं. तेलाचं मुद्दाम, कारण त्यानं बोल्टला सर्वाधिक त्रास होतो. कारखाना जी परीक्षा एकदा घेतो ती आपण रोज का घ्यावी? पावसाचंही असंच. बेळगावच्या चांदमारीवर जूनच्या सरीत ओली काडतुसं भरली की थ्री-नॉट-थ्रीची गोळी नेम सोडून वर जायची. जवान म्हणायचे वारा. वारा कुठला, चेंबर ओलं. नळीला आतून तेल लावून ठेवायचं ते साठवणीसाठी. उडवण्याआधी कोरड्या चिंदीनं पुसायचं, चेंबर खास करून. आणि काडतूस नेहमी कोरडं.

एसएलआरचा बोल्ट मागे रेटणारा गॅस वाढवून घाण चेंबरवर उपाय करणारेही होते. पुंगळी निघत नाही, तर गॅस जास्त द्या, एक्स्ट्रॅक्टर जोरात ओढेल. ओढतो खरा, पण चेंबर सोडत नाही तेव्हा तो पुंगळीच्या बुडाची कडाच फाडून घेऊन येतो. मग सफाईची सळई मागवा आणि नळीच्या पुढच्या तोंडातून पुंगळी मागे ढकला. हे फक्त रिकाम्या पुंगळीचं, हे लिहून ठेव असं मी भाच्याला म्हटलं. जिवंत काडतूस अडकलं असेल तर ठोकायचं नाही, ढकलायचं नाही, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून परवानाधारक बंदूक कारागिराकडे जायचं. विळा तर घराबाहेर.

उडालेली पुंगळी कशी वाचायची, तेही थोडं. बुडापासून अर्ध्या बोटावर पुंगळीभोवती चमकदार कडं दिसलं तर धातू तिथं ताणून पातळ झालाय. थ्री-नॉट-थ्रीत हे फार पाहिलं, ती बुडाच्या कडेवर टेकते आणि चेंबर पुढे ढिलं असतं. अशी पुंगळी कधी दोन तुकडे होते, मागचा बाहेर येतो, पुढचा आतच राहतो आणि पुढचं काडतूस बसत नाही. आमच्या पेटीत त्यासाठी वेगळं हत्यार असायचं. मानेवर थोडी काजळी असेल तर ठीक. काजळी पोटापर्यंत आली असेल तर पुंगळी नीट फुगली नाही; दारू ओलसर तरी असेल, पितळ म्हातारं तरी. टोपी फुटलेली किंवा अगदी चपटी झालेली दिसली तर त्या पेटीतली उरलेली काडतुसं उडवायची नाहीत. आणि रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरण्याचा मोह कुणी दाखवला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी तेच सांगितलं असतं. पितळ दर वेळी थोडं कडक होतं. तांबट ताव देतो, तुम्ही काय देणार?

भाच्याच्या पोराला नेमबाजीचं वेड आहे. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेतल्यापासून आपल्याकडच्या निम्म्या पोरांना आहे. भाच्याच्या पोरानं विचारलं, "आजोबा, त्या पॉइंट टू-टूची पुंगळी एवढी पातळ का?" तिला वेगळी टोपी नसते. पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला, आणि फायरिंग पिन ती कड चिरडून पेटवते. कड जाड केली तर पेटणार नाही. पातळ म्हणून दाब कमी, दाब कमी म्हणून धक्का कमी. अशा काडतुसाला पितळ सोडून फारसं काही चालत नाही.

पुढच्या जगात काय येईल ते येवो. पोलादी बुडाला पितळी अंग जोडलेल्या पुंगळ्या अमेरिकेनं २०२२ पासून घ्यायला सुरुवात केलीय, फार जास्त दाबासाठी. जर्मनांनी पुंगळीच नसलेलं काडतूस करून पाहिलं आणि एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली, की गरम खोखा बाहेर उडतो तेव्हा चेंबरची बरीच उष्णताही सोबत नेतो. कॉलरमधून पाठीवर पडलेला एसएलआरचा खोखा ज्यानं सोसलाय त्याला हे सांगायला नको.

त्या दुपारी आम्ही डब्यातली काडतुसं ओसरीवर वर्तमानपत्रावर मांडली. अकरातली दोन चिरेमुळे बाद, तीन कळंकामुळे बाद. कागदी सगळी बाद, फुगलेली. बाद म्हणजे ओढ्यात टाकायची नाहीत, चुलीत तर नाहीच. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे विचारून, यादी करून द्यायची. उरलेली सहा पितळी आणि प्लॅस्टिकची कोरड्या फडक्यानं पुसून पुठ्ठ्याच्या खोक्यात घातली. खोकं माजघरातल्या लोखंडी ट्रंकेत गेलं, बंदुकीच्या कपाटापासून लांब, वेगळ्या कुलपात, किल्ली आक्काच्या कमरेला. डुकरासाठी वनखात्याची परवानगी मिळाल्याशिवाय ती किल्ली सुटणार नाही, हे तिनंच सांगितलं. गव्याचं तर नावच काढायचं नाही.

निघताना गोठ्यात डोकावलो. फळीवर आक्कानं पेंडीची पाटी ठेवली होती. म्हैस मान वर करून तिच्याकडे बघत होती.